नाव नसलेली रोड सायकल ओळखताना फ्रेम काय सांगते

जुनी रोड सायकल हाती आली की पाहणाऱ्याची नजर आधी खालच्या तिरक्या नळीवरच्या नावाकडे जाते, आणि तिथे एखादे नामांकित इटालियन किंवा इंग्लिश नाव दिसले की शोध तिथेच थांबतो. माझे मत असे आहे की ते नाव सर्वांत शेवटी वाचावे. चाळीस-पन्नास वर्षांच्या सायकलीवर रंगाचा दुसरा किंवा तिसरा हात चढलेला असणे अगदी स्वाभाविक आहे, जुन्या कंपन्यांची स्टिकर आज नव्याने छापून मिळतात, आणि चाके, गिअर, ब्रेक, हँडल, सीट हे भाग तर झिजले की बदलायचेच असतात. याउलट फ्रेमच्या नळ्यांचा बाहेरचा व्यास, बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा अ‍ॅक्सल बसतो त्या भागाच्या, शेलमध्ये कापलेले आटे, मागचे चाक जिथे बसते ते ड्रॉपआउट आणि नळ्यांच्या सांध्यांवरचे लग (नळ्या जोडणाऱ्या पोलादी बाह्या) या गोष्टी कारखान्यात एकदा ठरल्या की सहसा बदलत नाहीत. बदलल्याच तर त्या बदलाची खूण मागे राहते. सायकलीचा देश, काळ आणि शक्य झाल्यास मॉडेल ठरवायचे असेल तर सुरुवात या न बदलणाऱ्या गोष्टींपासून करावी आणि बदलणाऱ्या भागांकडे नंतर वळावे, असा माझा आग्रह असतो.

सध्या माझ्या स्टँडवर असलेली सायकल या पद्धतीसाठी चांगले उदाहरण आहे. एका परिचितांनी ती ओळख पटवण्यासाठी आणून दिली. रंग लाल, एकसारखा आणि जाड. खालच्या नळीवर एका विख्यात इटालियन घराण्याचे नाव. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, आणि गिअर बदलण्याच्या काड्या शिमानो या जपानी कंपनीच्या. चाकांच्या रिम अरायाच्या, म्हणजे जपानी. ही साठच्या दशकातली इटालियन रेसिंग सायकल आहे असे त्यांना विकणाऱ्याने सांगितले होते, आणि ते खरे आहे का व मॉडेल कोणते, असे त्यांचे दोन प्रश्न होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर फ्रेमनेच दिले, आणि तेही बऱ्यापैकी निःसंदिग्धपणे. दुसऱ्या प्रश्नाबद्दल पुढे लिहितो.

सर्वांत बोलका भाग म्हणजे बॉटम ब्रॅकेट. पेडलचा अ‍ॅक्सल ज्या आडव्या, आखूड नळीतून जातो तिला शेल म्हणतात, आणि त्या शेलच्या दोन्ही टोकांना आतून आटे कापून त्यात बेअरिंगचे कप बसवलेले असतात. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात या आट्यांचे प्रत्येक सायकल-देशाचे आपले माप होते. ब्रिटिश पद्धतीत कपाचा व्यास १.३७ इंच, एका इंचात २४ आटे, शेलची रुंदी ६८ मिलिमीटर, आणि चेनच्या बाजूचा म्हणजे उजवा कप उलट्या आट्यांचा, म्हणजे डावीकडे फिरवल्यावर घट्ट होणारा. इटालियन पद्धतीत व्यास ३६ मिलिमीटर, आटे इंचाला २४, रुंदी ७० मिलिमीटर आणि दोन्ही कप सुलट्या आट्यांचे. फ्रेंच पद्धतीत व्यास ३५ मिलिमीटर, दर मिलिमीटरला एक आटा, रुंदी ६८ मिलिमीटर आणि इथेही दोन्ही कप सुलटे. स्विस पद्धतीत मापे सगळी फ्रेंचच, फक्त उजवा कप उलटा. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने आपल्या अनेक फ्रेमवर इंचाला २६ आट्यांचे स्वतःचेच माप चालवले. ते आढळले की निर्मात्याचा शोध जवळजवळ संपतोच.

उजवा कप उलटा ठेवण्यामागे कारण आहे. पेडल मारताना बेअरिंगवर येणारा भार कपाच्या आतून गोल फिरत राहतो आणि त्यामुळे चेनच्या बाजूचा सुलट्या आट्यांचा कप हळूहळू सैल होऊ पाहतो. ब्रिटिश आणि स्विस पद्धतींनी आट्यांची दिशाच फिरवून हा प्रश्न सोडवला. इटालियन आणि फ्रेंच पद्धतींत तो कप अतिशय घट्ट कसण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणूनच कप कोणत्या दिशेने सुटतो हे पाना लावण्याआधी माहीत नसेल तर जबरदस्ती करू नये. आधी थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, असा हलक्या हाताने अंदाज घ्यावा, भेदक तेल सोडून रात्रभर थांबावे आणि मगच जोर लावावा.

क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, काढतानाच एक सूचक गोष्ट घडली होती. कॉटर-पिनविरहित, म्हणजे खिळीशिवाय अ‍ॅक्सलवर बसणारा, क्रँक ओढून काढणाऱ्या पुलरचे आज सर्वत्र चालणारे माप २२ मिलिमीटर आहे. तो या क्रँकच्या भोकात नुसताच डगमगला, आटे धरेनात. स्ट्राँगलाइट या सेंत-एत्येनच्या फ्रेंच कंपनीचे जुने क्रँक २३.३५ मिलिमीटरचा पुलर मागतात आणि टी.ए. या दुसऱ्या फ्रेंच कंपनीचे २३ मिलिमीटरचा. स्ट्राँगलाइटचा पुलर लावताच तो शेवटपर्यंत सहज फिरला. जवळ असलेला पुलर कसाबसा अडकवून ओढण्याचा मोह अशा वेळी टाळावाच, कारण अ‍ॅल्युमिनियमचे मऊ आटे एकदा सोलले गेले की तो क्रँक पुन्हा धडपणे काढता येत नाही. अर्थात क्रँक हा बदलता येणारा भाग असल्याने त्यावरून मी निष्कर्ष काढला नाही; फक्त नोंद केली.

कप मात्र निर्णायक ठरले. उजवा कप सुलट्या दिशेने सुटला, म्हणजे ब्रिटिश आणि स्विस या दोन्ही शक्यता एका झटक्यात बाद झाल्या. शेलची रुंदी, दोन्ही तोंडांवरचा रंग खरवडून मोजली तेव्हा, ६८ मिलिमीटर भरली. इटालियन असती तर ती ७० हवी होती. कपाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटरला किंचित कमी भरला. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्रिटिश १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या व्हर्नियर कॅलिपरने ब्रिटिश आणि फ्रेंच कप वेगळे काढता येत नाहीत. दोन-तीन दशांशांचा फरक झिजेत आणि गंजात हरवतो. तिथे आट्यांचा गेज लागतो. इंचाला २४ म्हणजे दोन आट्यांमध्ये सुमारे १.०६ मिलिमीटर अंतर, आणि फ्रेंच अंतर बरोबर १ मिलिमीटर. दात असलेली गेजची पट्टी कपावर ठेवून मागून उजेड धरला की चुकीची पट्टी तिसऱ्या-चौथ्या आट्यापासून वर उचललेली स्पष्ट दिसते. या कपावर १ मिलिमीटरची पट्टी शेवटच्या आट्यापर्यंत सपाट बसली, उजेडाची रेघही दिसली नाही. कप फ्रेंच, शेल फ्रेंच. फ्रान्सच्या शेजारच्या देशांतील काही कारखान्यांनीही ही मापे वापरली, त्यामुळे पुष्टी मिळेपर्यंत मी एवढ्यावर थांबत नाही. पण ही फ्रेम इटालियन मापाची नाही, एवढे इथेच पक्के झाले.

पुष्टी नळ्यांनी दिली. ब्रिटन, इटली आणि जपान येथील पोलादी रोड फ्रेम प्रायः इंची नळ्यांच्या असत: वरची आडवी नळी एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तर खालची तिरकी आणि सीटची नळी एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर. फ्रान्समध्ये मेट्रिक नळ्या चालत: वरची २६, बाकीच्या दोन २८ मिलिमीटर. रंगाचे थर मापात भर घालतात, म्हणून कॅलिपर लावताना रंग उडालेली जागा शोधावी किंवा थराची जाडी वजा करावी. इथे मला आयतीच जागा मिळाली. शिमानोच्या गिअर-काड्यांची पट्टी खालच्या नळीवर आवळलेली होती आणि तिच्याखाली कुणीतरी पत्र्याची पातळ पट्टी सारली होती. ती पट्टी काढल्यावर कारण उघड झाले: काड्यांचा क्लॅम्प २८.६ मिलिमीटरचा, नळी २८ची, आणि मधली फट भरायला पत्रा. पुढच्या डिरेलरचा क्लॅम्प मात्र सीटच्या नळीवर कोणत्याही भरणीशिवाय नेमका बसलेला होता. हा डिरेलर सिंप्लेक्सचा, काळ्या डेलरिन प्लास्टिकचा, म्हणजे पुन्हा फ्रेंच.

याच डिरेलरने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला ती या सगळ्या तपासातली सर्वांत समाधान देणारी वाटते. रंगवणाऱ्याने तो काढण्याचे कष्ट घेतले नव्हते. क्लॅम्प उघडल्यावर लाल रंगाच्या मधोमध फिकट निळ्या रंगाचे बोटभर रुंदीचे कडे दिसले. तोच निळा रंग शेलच्या आतल्या भिंतीवर फवाऱ्याच्या ठिपक्यांच्या रूपात होता. म्हणजे लाल रंग दुसरा. इटालियन नाव त्या दुसऱ्या रंगावर चिकटवलेले, म्हणून तेही नंतरचे. आणि पुढचा डिरेलर मात्र लाल रंगाच्या आधीपासून तिथे असलेला. एका क्लॅम्पखालच्या कड्यावरून तीन गोष्टींचा क्रम लागला. रंग उतरवून फ्रेम चकचकीत करण्याची ज्यांना घाई असते त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आधी प्रत्येक क्लॅम्पखाली, हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या) कपांच्या कडेला आणि शेलच्या तळाशी पाहून घ्यावे व छायाचित्रे काढून ठेवावीत.

फ्रेम कोणत्या दर्जाची आहे याचा अंदाज सीटपोस्टच्या, म्हणजे सीट धरणाऱ्या दांड्याच्या, व्यासावरून येतो. पोस्ट जितका जाड, तितकी नळीची भिंत पातळ आणि फ्रेम हलकी, हे साधे सूत्र. २८.६ मिलिमीटरच्या नळीची भिंत वरच्या टोकाला ०.६ मिलिमीटर असेल तर आतले भोक २७.४ राहते आणि त्यात २७.२चा पोस्ट बसतो. रेनॉल्ड्स ५३१ किंवा कोलंबस एसएल नळ्यांच्या चांगल्या फ्रेमवर म्हणूनच २७.२ हा आकडा वारंवार दिसतो. स्वस्त, जाड नळीच्या फ्रेममध्ये तोच आकडा २५च्या आसपास उतरतो. मात्र हे सूत्र बाहेरच्या व्यासाशिवाय वापरणाऱ्याची फसगत होते. या सायकलीचा पोस्ट २६.४ मिलिमीटरचा आहे. इंची नळीत २६.४ म्हणजे भिंत १.१ मिलिमीटर, अर्थात मध्यम दर्जा. मेट्रिक २८च्या नळीत तोच २६.४ म्हणजे भिंत जेमतेम ०.८ मिलिमीटर, आणि पोस्ट सरकण्यापुरती मोकळीक सोडली तर त्याहूनही कमी. तेव्हा ही फ्रेम हलक्या नळ्यांची, वरच्या श्रेणीतली आहे असे मी मानतो. नळीवर बोटाच्या नखाने टिचकी मारून निघणाऱ्या आवाजावरून दर्जा सांगणारे जाणकार आहेत, आणि त्यांच्या कानावर माझा अविश्वास नाही, पण कॅलिपरचा आकडा दुसऱ्यालाही पडताळता येतो.

नळी कोणाची हे ठरवणे त्यापेक्षा कठीण. रेनॉल्ड्सचे ५३१ मिश्रधातू १९३५पासूनचे, आणि त्याचे स्टिकर असले तरी त्यावरचा मजकूर पुरता वाचावा लागतो, कारण काही स्टिकर फक्त तीन मुख्य नळ्यांपुरती असतात, तर काही पुढचे चाक धरणारा चिमटा आणि मागच्या बारीक नळ्यांसह साऱ्या फ्रेमची हमी देतात. कोलंबस ही मिलानची कंपनी. तिच्या चिमट्याच्या उभ्या नळीवर कबुतराची खूण ठोकलेली असते आणि त्या काळच्या अनेक चिमट्यांत नळीच्या बुडाशी आतून सर्पिल कंगोरे असतात. एसएलएक्स या ऐंशीच्या दशकातल्या नळ्यांचे कंगोरे तर कप काढल्यावर शेलमधून डोकावूनही दिसतात. म्हणून इटालियन असल्याचा दावा असलेल्या सायकलीचा चिमटा काढून पाहणे आवश्यकच. या चिमट्यावर ना कबुतर होते ना कंगोरे. त्याच्या वरच्या टोकाच्या आट्यांचा व्यास २५ मिलिमीटर आणि अंतर १ मिलिमीटर भरले, जे फ्रेंच हेडसेटचे माप आहे. इंची असता तर २५.४ आणि इंचाला २४ आटे मिळाले असते.

हँडलचा स्टेम बाहेर आला तेव्हा त्याच्या खालच्या भागावर सँडपेपरचे आडवे ओरखडे गोल फिरलेले दिसले, वरचा उघडा भाग मात्र गुळगुळीत. इतर देशांचा स्टेम २२.२ मिलिमीटरचा, फ्रेंच चिमट्याला हवा २२ मिलिमीटरचा. नंतरच्या मालकाने २२.२चा आणला, तो आत जाईना, म्हणून घासून बसवला. असे ओरखडे दिसले की चिमटा फ्रेंच मापाचा आहे हे मोजण्याआधीच कळते.

ड्रॉपआउटवर सिंप्लेक्सचे नाव कोरलेले आहे, पण रंगाने बुजल्यामुळे ते बॅटरीचा उजेड अगदी तिरका धरल्यावरच वाचता आले. सिंप्लेक्सच्या ड्रॉपआउटवर डिरेलर लटकवण्याचा जो कान असतो त्याच्या भोकाला मुळात आटे नसतात आणि डिरेलरला टेकू देणारी खाचही नसते, कारण सिंप्लेक्सचा डिरेलर आरपार बोल्टने बसे. कँपान्योलो या इटालियन कंपनीच्या पद्धतीच्या कानाला १० मिलिमीटरचे आटे आणि मागे टेकूची खाच असते, आणि पुढे शिमानो व सनटूर या जपानी कंपन्यांनीही तीच रचना उचलली. इथे भोकात आटे आहेत, पण त्यांच्या कडा तीक्ष्ण आहेत आणि कानाच्या मागची खाच कानशीने काढल्याच्या रेघा ताज्या दिसतात. शिमानोचा डिरेलर बसवण्यासाठी केलेला हा बदल आहे. तो कधी झाला असावा हे डिरेलरच्या पाठीवरची दोन अक्षरे सांगतात. शिमानोच्या भागांवर पहिले अक्षर वर्षाचे असते, ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असे क्रमाने; दुसरे अक्षर महिन्याचे, ए जानेवारी ते एल डिसेंबर. या डिरेलरवर जी आणि सी आहेत, म्हणजे मार्च १९८२. सायकल त्यानंतर केव्हातरी दुरुस्त झाली. तिचा जन्म १९८२चा, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

भागांवरच्या तारखांबद्दल हीच सावधगिरी सर्वत्र बाळगावी लागते. सनटूरचीही दोन अक्षरांची पद्धत होती, पण तिथे ए म्हणजे १९८४, आणि त्याआधीची वर्षे झेडपासून उलट मोजायची, झेड १९८३, वाय १९८२, याप्रमाणे. शिमानोचा तक्ता सनटूरला लावला तर आठ वर्षांची तफावत पडते. कँपान्योलोच्या हबच्या लॉकनटवर वर्षाचे दोन आकडे असतात आणि न्युव्हो रेकॉर्ड डिरेलरवर पेटंट या शब्दाशेजारी वर्ष कोरलेले सापडते. अशी सुटी तारीख एकटी असेल तर तिला फारसे वजन देऊ नये. चार-पाच भागांच्या तारखा एकमेकींच्या वर्षभराच्या अंतरात येत असतील, तर ते भाग एकत्रच बसवले गेले असे समजायला हरकत नाही, आणि मग फ्रेमचे वय त्यांच्या वयाशी जोडता येते.

फ्रेमच्या स्वतःच्या वयाचे संकेत वेगळे असतात. या फ्रेमवर बाटलीच्या पिंजऱ्यासाठी आट्यांची बोंडे नाहीत, गिअरच्या काड्यांसाठी ब्रेझिंगने (वितळलेल्या धातूचा डाग देऊन) जोडलेले बुंधे नाहीत, मागच्या ब्रेकची केबल वरच्या नळीवर सुट्या पट्ट्यांनी धरलेली आहे आणि गिअरच्या केबल शेलच्या वरून जातात. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे सारे हळूहळू फ्रेमलाच जोडले जाऊ लागले आणि ऐंशीच्या दशकात केबल शेलच्या खालून जाणे सर्वमान्य झाले. मागच्या ड्रॉपआउटमधले अंतर १२० मिलिमीटर आहे, म्हणजे पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलचा (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचा) काळ. सहा-सात चकत्यांसाठी ते १२६ झाले आणि आठपासून पुढे १३०. दुसऱ्या बाजूने, डेलरिनचे सिंप्लेक्स प्रेस्टीज डिरेलर १९६२च्या सुमाराचे, आणि निळ्या कड्याने दाखवल्याप्रमाणे हा पुढचा डिरेलर मूळचाच असण्याची शक्यता मोठी. म्हणून मी काळ साठच्या दशकाचा मध्य ते सत्तरच्या दशकाचा मध्य असा धरतो. वयाचा प्रश्न केवळ जिज्ञासेचाही नसतो. इटलीत गायोले इन कियांती येथे १९९७मध्ये सुरू झालेल्या एरोइकासारख्या जुन्या सायकलींच्या फेरीत १९८७पूर्वीची रचना, खालच्या नळीवरच्या गिअर-काड्या आणि उघड्या ब्रेक-केबल असा दंडक आहे. ही सायकल त्या दंडकात आरामात बसते.

आता मॉडेल. फ्रेमचा क्रमांक शेलच्या तळाशी आहे. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासल्यावर तो उमटला. पण क्रमांक स्वतःहून काही सांगत नाही. श्विन या अमेरिकी कंपनीने १९६५पासून महिना आणि वर्ष यांची अक्षरे क्रमांकाच्या आरंभी घातली, त्यामुळे श्विनची तारीख मिनिटभरात निघते. निर्माताच माहीत नसताना मात्र कोणाचा तक्ता लावायचा हेच ठरत नाही. त्यातून एकाच कारखान्यातून अनेक नावांच्या सायकली बाहेर पडत. जपानच्या कावामुरा कारखान्याने निशिकी या नावाने अमेरिकेसाठी सायकली बनवल्या, तैवानच्या जायंटने श्विनसाठी; तिथे स्टिकरवरचे नाव विक्रेत्याचे आणि फ्रेम दुसऱ्याची.

फ्रेंच कंपन्यांत प्युजो, जितान, मोटोबेकान, मर्सिए अशी बरीच नावे आहेत, आणि त्या प्रत्येकीच्या यादीत दिसायला सारख्या, दर्जाला अगदी भिन्न सायकली असत. प्युजोचेच उदाहरण घेतले तर पीएक्स-१० ही रेनॉल्ड्स ५३१ नळ्या, स्ट्राँगलाइट क्रँक, सिंप्लेक्स गिअर आणि माफाक ब्रेक असलेली रेसिंग सायकल, आणि यूओ-८ ही जाड साध्या नळ्यांची, पोलादी क्रँकची, कितीतरी जास्त संख्येने विकली गेलेली सायकल. नाव खोडलेल्या अवस्थेत या दोघींतला फरक सीटपोस्ट, ड्रॉपआउट आणि नळीची जाडी यांवरूनच कळतो. माझ्यासमोरची सायकल दुसऱ्या प्रकारची नाही, हे पोस्टवरून आणि ड्रॉपआउटवरून उघड आहे. पहिल्या प्रकारच्या कितीतरी सायकली मात्र वेगवेगळ्या फ्रेंच कारखान्यांनी जवळपास याच भागांनी सजवल्या होत्या, त्यामुळे नुसत्या भागांच्या जुळणीवरून तिला प्युजो म्हणणे मला रास्त वाटत नाही. जुन्या माहितीपत्रकांशी ताळा जमवतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सायकलींना प्रचंड मागणी आली तेव्हा कारखाने हाताशी असलेले भाग लावून माल पाठवत, आणि छापलेल्या यादीशी प्रत्येक सायकल तंतोतंत जुळेलच असे नाही.

पुढचा धागा हेडच्या नळीवर मिळाला आहे. लाल रंगाखाली पुटी भरून बुजवलेली दोन बारीक भोके, एकाखाली एक. मूळ निर्मात्याचा धातूचा बिल्ला तिथे रिव्हेटने ठोकलेला होता. भोकांमधले अंतर हे प्रत्येक बिल्ल्याचे ठरलेले असते, म्हणून बिल्ला हरवला तरी अंतर मोजून उमेदवारांची यादी आखूड करता येते. मी पुटी सुईने कोरून काढली, दोन्ही भोकांच्या केंद्रांमधले अंतर नोंदवले, आणि लगच्या टोकांचे आकार कागदावर उतरवून घेतले. नेर्व्हेक्सचे नक्षीदार लग एका नजरेत ओळखू येतात. हे त्यातले नाहीत, साध्या टोकदार आकाराचे आहेत, आणि असे लग अनेकांनी वापरल्यामुळे यांचा उपयोग वगळण्यापुरताच आहे.

परिचितांना मी हे सारे लिहून दिले: फ्रेंच मापाची, हलक्या मेट्रिक नळ्यांची, साठच्या मध्यापासून सत्तरच्या मध्यापर्यंतची, मूळ रंग फिकट निळा, निर्माता बिल्ल्याच्या भोकांवरून शोधायचा. इटालियन नाव काढायचे की ठेवायचे हा त्यांचा निर्णय. एका गोष्टीसाठी मात्र मी त्यांना हट्टाने अडवले. नवे, बंद बेअरिंग बसवता यावे म्हणून शेलमधले ३५ मिलिमीटरचे फ्रेंच आटे कापून ३६ मिलिमीटरचे इटालियन आटे पाडण्याचा सल्ला त्यांना एका कारागिराने दिला होता. हे काम शक्य आहे आणि ते केलेल्या कितीतरी फ्रेंच फ्रेम रस्त्यावर आहेत. पण ते एकदा झाले की मागे फिरता येत नाही, आणि या फ्रेमचा सर्वांत भक्कम पुरावा धातूच्या चुऱ्याबरोबर निघून जाईल. वर इटालियन नाव आणि आत इटालियन आटे अशी ती सायकल पुढच्या माणसाला मिळाली असती, तर खरे सांगायला फक्त शेलची ६८ मिलिमीटर रुंदी उरली असती. कपांच्या आतली वाट अजून गुळगुळीत आहे, कुठेही खड्डा नाही. मी ते रॉकेलने धुतले, दर बाजूला पाव इंची अकरा नव्या गोळ्या ग्रीसमध्ये बसवल्या आणि उजवा कप लांब दांड्याच्या पान्याने, सुलट्या दिशेने, जाईल तेवढा कसला.